मोर्चा कचेरीवरच का जातो?

२४ ऑगस्ट १९४२ ला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. बेचाळीसचे सातारा जिल्ह्यातले हे मोर्चे वेगवेगळ्या गावांतून निघाले, पण पोचायचं ठिकाण सगळ्यांचं एकच होतं, मामलेदार कचेरी. (तासगाव आणि इस्लामपूरचा वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यातच. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० ला.) कलेक्टरच्या बंगल्यावर कुणी गेलं नाही, सावकाराच्या वाड्यावरही नाही.

कचेरीत काय असायचं ते आठवलं की कारण कळतं. तालुक्याचा खजिना तिथे, स्टँपपेपर तिथे, जमिनीची दप्तरं तिथे, कच्च्या कैद्यांची कोठडी तिथे. शेतसारा वसूल करणारा मामलेदार आणि फौजदारी खटल्यात शिक्षा सुनावणारा मॅजिस्ट्रेट, हा एकच माणूस. गावातला तलाठी वही लिहायचा, पाटील वसुली करायचा, कोतवाल चावडीवर बोलवायला यायचा, पण या सगळ्यांचा धागा जाऊन बांधला होता तो कचेरीला. लंडनचा राजा शेतकऱ्याने नाण्यावरच पाहिलेला. साम्राज्य त्याला प्रत्यक्ष भेटायचं ते इथे, टेबलाच्या पलीकडे बसलेलं.

साम्राज्याविरुद्ध बंड का होतं, याचं शाळेतलं उत्तर ‘जुलूम वाढला आणि लोक पेटले’ असं आहे. मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात माण-खटावकडच्या भागाची जी दैना झाली, तिच्याइतका हाल दुसरा कुठला? तरी त्या वेळी या जिल्ह्यात राज्य हललं नाही. भुकेला माणूस गाव सोडतो, गुरं विकतो, फार तर धान्याचं पेव फोडतो. बंड करायला पोटात थोडं अन्न लागतं आणि हाताशी काही माणसं लागतात. बंड होतं ते बहुतेक वेळा अशा लोकांचं, ज्यांचा स्वतःचा काहीतरी कारभार चालू होता आणि वरच्या सत्तेने त्यात हात घातला.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं आहे. तिथल्या तेरा वसाहती ब्रिटनपेक्षा कितीतरी कमी कर भरत होत्या. १७६३ ला सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावरचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालेलं होतं. वसाहतींच्या रक्षणासाठी फौज ठेवायची तर खर्चाचा थोडा वाटा त्यांनीही उचलावा, एवढंच लंडनचं म्हणणं. त्यासाठी १७६४ ला पहिली पायरी काय टाकली? काकवीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली. म्हणजे निम्मी केली! आणि तिथूनच ठिणग्या उडायला लागल्या. कारण ६ पेन्सची जकात कागदावर होती, जकात नाक्यावरच्या माणसाच्या हातावर काहीतरी टेकवलं की जहाज सुटायचं. ३ पेन्सची जकात मात्र खरोखर वसूल व्हायला लागली आणि चोरट्या मालाचा खटला गावच्या पंचांसमोर चालण्याऐवजी आरमारी न्यायालयात गेला. तिथे पंच नव्हते, फक्त राजाने नेमलेला न्यायाधीश. भार हलका झाला, पण तो ठरवणारा हात बदलला.

पुढच्याच वर्षी स्टँपचा कायदा आला. मृत्युपत्र, खरेदीखत, वर्तमानपत्र, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा स्टँप लावलेल्या कागदाशिवाय चालणार नव्हता. यात जे घडलं ते बंडाचं तंत्र म्हणून बारकाईने बघण्यासारखं आहे. लोकांनी राजाला हात लावला नाही. स्टँप विकायला नेमलेल्या माणसांना गाठलं. १४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये त्या जागेवर नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, नंतर त्याच्या घराची नासधूस केली. त्याने जागा सोडली. मग इतर वसाहतींतल्या विक्रेत्यांनीही एकामागून एक राजीनामे दिले. १ नोव्हेंबरला कायदा अमलात येणार होता, त्या दिवशी स्टँप विकायला जवळपास कुणी उरलंच नव्हतं. साम्राज्य कितीही मोठं असलं तरी त्याचं शेवटचं बोट स्थानिक माणसाचं असतं. ते बोट निघालं की वरचा हात हवेत.

मार्च १७६६ ला संसदेने कायदा मागे घेतला आणि त्याच दिवशी दुसरा केला: वसाहतींना ‘कोणत्याही बाबतीत’ बांधील करणारे कायदे करायचा आपल्याला अधिकार आहे. पैसे सोडले, हक्क सोडला नाही. १७७० ला काच, कागद, रंग, शिसं यांवरची जकात काढली, चहावरची पौंडामागे ३ पेन्स ठेवली, तीही हक्काची खूण म्हणूनच. माझ्या मते ब्रिटिश मंत्र्यांची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. पैशाचा वाद सुटतो, हक्क जाहीर केल्यावर दोन्ही बाजूंना मागे फिरायला जागा राहत नाही.

चहाची गोष्ट तर थेट आपल्याशी जोडलेली आहे, कारण तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बंगालचा १७७० चा दुष्काळ आणि कंपनीच्या नोकरांची लूट यांनी ती दिवाळखोरीच्या काठावर आली होती. तिला सावरायला संसदेने १७७३ ला दोन कायदे केले. एक रेग्युलेटिंग ॲक्ट, ज्याने कलकत्त्याला गव्हर्नर जनरल आला. दुसरा चहाचा कायदा, ज्याने कंपनीला स्वतःचा चहा अमेरिकेत परस्पर विकायची मुभा मिळाली. त्यामुळे तिथे चहा स्वस्त झाला, चोरट्या डच चहापेक्षाही. तरी १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. स्वस्त चहा फेकून देणारे लोक कराच्या ओझ्याने वाकलेले होते असं कोण म्हणेल? त्यांचे व्यापारी बाजूला सारून कुणाला मक्ता द्यायचा हे लंडनने परस्पर ठरवलं होतं आणि तो चहा घेणं म्हणजे ३ पेन्सचा हक्क कबूल करणं होतं.

आता साताऱ्याकडे. इथली परिस्थिती मुळात वेगळी. अमेरिकेतले गोरे वसाहतवाले हे राज्यकर्त्यांचेच भाऊबंद, स्वतः दुसऱ्यांच्या जमिनी बळकावत पश्चिमेकडे सरकणारे. राजाने १७६३ ला ॲपलाशियन डोंगराची हद्द घालून दिली याचाही त्यांना राग होता. आपण जिंकले गेलेलो होतो. तरी बंडाच्या पायऱ्या इतक्या सारख्या का दिसतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पहिली पायरी अर्जाची. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. १८१९ च्या तहात रेसिडेंटच्या, म्हणजे कंपनीने साताऱ्यात ठेवलेल्या प्रतिनिधीच्या, संमतीशिवाय बाहेर पत्रव्यवहार करायचा नाही अशी अट होती. पुढे जहागीरदारांच्या मुलखावर अधिकार कुणाचा यावरून बिनसलं आणि मग गोव्याच्या पोर्तुगीजांशी, नागपूरकर भोसल्यांशी संधान बांधल्याचे, शिपाई फितवल्याचे आरोप झाले. १८३९ च्या ऑगस्टात मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यात आला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तिथेच ते १८४७ ला वारले.

त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८४० ते १८५३ अशी तेरा-चौदा वर्षं तिथे राहिले. निवेदनं छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत प्रश्न उठवले, संसदेतले लोक गाठले. कायद्याच्या चौकटीत जे जे करता येतं ते सगळं त्या माणसाने केलं. मधल्या काळात, १८४८ ला, महाराजांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ आप्पासाहेबही वारले. मरण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क म्हणाला की तहातल्या ‘वारस’ या शब्दात दत्तकही येतो. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. संस्थान खालसा करायच्या त्याच्या मालिकेतलं हे पहिलं. रंगो बापूजी हात हलवत परतले आणि १८५७ ला कटाच्या कामाला लागले.

हा प्रवास लक्षात घ्या. इंग्रजांचा कायदा, त्यांची संसद, त्यांचा तह यांवर ज्याने सर्वात जास्त विश्वास टाकला, तोच माणूस शेवटी शस्त्राकडे गेला. अमेरिकेतही तसंच. लढाई सुरू झाल्यावरसुद्धा, जुलै १७७५ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला एक नरमाईचा अर्ज पाठवला. तिसऱ्या जॉर्जने तो हातात घेतला नाही, २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत बहुतेकांचा राग संसदेवर होता, राजाबद्दल आशा होती. अर्ज न वाचता परत आला की आशा कुणावर ठेवायची हा प्रश्नच मिटतो. पुढच्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला आणि त्यातली सगळी गाऱ्हाणी राजाच्या नावावर मांडलेली होती.

पण सत्तावनचा साताऱ्याचा कट फसला, आधीच फुटला. रंगो बापूजींच्या मुलासह सतरा जणांना गेंडा माळावर मारलं: कुणाला फासावर, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. रंगो बापूजी निसटले ते कायमचे, कधीच सापडले नाहीत. फितुरी झाली हे खरं, पण मला त्याहून मोठी उणीव वेगळीच दिसते. शिपाई उठवायचे, तुरुंग फोडायचा, खजिना घ्यायचा इथवर सगळं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी गावचा सारा कोण घेणार, तंटा कोण तोडणार, याची जुळणी नव्हती. कट दोन-चारशे माणसांत राहिला की एक फुटला तरी सगळा हातचा जातो.

दुसरी पायरी म्हणजे कचेरीवर जाणं आणि इथे तासगाव आणि अमेरिकेतलं वूस्टर यांची तारीखसुद्धा शेजारी येते. १७७४ ला ब्रिटनने मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. वरचं मंडळ राजा नेमणार, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. शंभर-सव्वाशे वर्षं जी गावं आपले रस्ते, शाळा, कर गावसभेत ठरवत होती, त्यांना हे गळा दाबल्यासारखं झालं. ६ सप्टेंबर १७७४ ला वूस्टरला ३७ गावांतून ४,६२२ माणसं जमली, म्हणजे कुणीतरी गावोगावची मोजदाद ठेवली होती. त्यांनी न्यायालयाचं दार अडवलं. न्यायाधीश आणि न्यायालयाचे अधिकारी टोप्या हातात घेऊन दोन रांगांमधून चालत गेले आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून नव्या कायद्याखाली काम करायला आपला नकार पुन्हा पुन्हा, तीसएक वेळा, वाचत राहिले. एक गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनची, म्हणजे युद्धाची पहिली, लढाई त्यानंतर सात महिन्यांनी. मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनच्या बाहेर ब्रिटिश राज्य त्याच शरद ऋतूत संपलं होतं.

३ सप्टेंबर १९४२ ला तासगावात मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली आणि कचेरीवर तिरंगा लागला. तोही दिवस बिनगोळीचा. सहाच दिवसांनी वडूजला मात्र गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे लोक पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही तेच. निःशस्त्र मोर्चाचा हा धोका पक्का असतो: निकाल मोर्चाच्या हातात नसतो, दारात उभ्या अधिकाऱ्याच्या छातीवर आणि त्याच्यापाशी किती बंदुका पोचल्यात यावर असतो. तासगावनंतर सरकार सावध झालं होतं. एकामागून एक, दिवस जाहीर करून मोर्चे काढले की प्रत्येक पुढचा मोर्चा जास्त तयार पोलिसांवर जाऊन आदळतो. आणि झेंडा लावून लोक घरी गेले की संध्याकाळी कचेरी पुन्हा त्यांचीच.

हे ओळखून तिसरी पायरी गाठली, म्हणून सातारा बेचाळीसच्या इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळा ठरला. कचेरी घ्यायची सोडून आपलीच कचेरी उभी करायची. १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास प्रतिसरकार आकाराला आलं. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील, येडे मच्छिंद्रचे, १९३० पर्यंत तलाठी होते. हा तपशील चरित्रांत एका ओळीत उरकतात आणि मला तो सर्वात मोलाचा वाटतो. कुणाची जमीन कुठल्या बांधापर्यंत, कुणाचा सारा थकलाय, सावकाराने कुणाचं शेत कसं लिहून घेतलंय, हे तलाठ्याइतकं कुणाला ठाऊक? स्टँप विकणाऱ्याने जागा सोडल्यावर काय होतं ते बॉस्टनने दाखवलं. वही लिहिणाऱ्याने जागा सोडून दुसरी वही उघडली तर काय होतं ते साताऱ्याने.

माणसं कुठून आली? सत्यशोधक जलशांनी गावोगाव बोलायला शिकलेले तरुण होते. १९१९ पासून भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहांत पोरं वाढवली होती. कुंडलचं तर आणखी विशेष. ते औंध संस्थानात आणि औंधच्या राजांनी १९३९ ला आपली सत्ता प्रजेला देऊन टाकली होती: गावोगाव निवडलेली पाच जणांची पंचायत, न्यायाधीशाने गावात येऊन निवाडा करायचा. जी.डी. बापू लाडांच्या कुंडलला प्रतिसरकारचं केंद्र होता आलं, त्यामागे हा सराव होता. मॅसॅच्युसेट्सला गावसभा होती, कुंडलला पंचायत. शिवाय नकाशा मदतीला. औंध, सांगली, मिरज, जत, फलटण, कोल्हापूर यांचे तुकडे खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या, मुलखात गोधडीच्या ठिगळांसारखे विखुरलेले. ब्रिटिश फौजदाराला शिवेपलीकडे जायचं तर आधी लिखापढी, तोवर माणूस ओढा ओलांडून गेलेला.

कामाचा क्रमही बघण्यासारखा. पहिलं काम दरोडेखोरांचा बंदोबस्त. बेचाळीसच्या धामधुमीत चोर-दरोडेखोरांना रान मोकळं मिळालं होतं आणि काही टोळ्या चळवळीच्याच नावावर लुटत होत्या. त्यांना आवर घातला तेव्हा गावाला पहिल्यांदा वाटलं की हे सरकार कामाचं आहे. त्यानंतर खबऱ्यांचा. त्यानंतर न्यायदान: जमिनीचे, भाऊबंदकीचे, सावकारीचे, बायकांना टाकून देण्याचे तंटे गावातच तुटायला लागले. कोर्टातली तारीख, वकिलाची फी आणि तालुक्याची खेप वाचली. दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं हे पुढचं. तुफान सेनेत, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वतःच्या दलात, तरुणांना कवायत. पैशासाठी ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला थेट धुळे भागात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांच्या आसपास सरकारी खजिना. रयतेकडून सक्तीने वर्गणी उकळली की लोक तुटतात, म्हणून सरकारच्या पैशावर हात मारणं राजकारणाच्या हिशोबानेही शहाणपणाचं.

बिघडायचं तेही बिघडलं. तळपायावर मार ही शिक्षा ठरलेली. ज्या न्यायात अपील नाही, कैद ठेवायला तुरुंग नाही, तिथे शिक्षा अंगावरच होते आणि अंगावरच्या शिक्षेत जुनी खुन्नस शिरायला वेळ लागत नाही. गट वेगवेगळे, कुंडलचा निराळा, वाळव्याकडचा निराळा, वाई-साताऱ्याकडे किसन वीरांचा निराळा. त्यामुळे एक पकडला तर सगळे सापडत नसत, पण एका गटाने केलेली आगळीक सगळ्यांच्या नावावर जायची. १९४४ ला गांधीजींनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं, तेव्हा साताऱ्यातल्या बहुतेकांनी ऐकलं नाही. ते का ऐकतील? इतर जिल्ह्यांत भूमिगत माणूस म्हणजे लपलेला माणूस, इथे तो पाच-पंचवीस गावांचा कारभारी होता. कारभार टाकून पोलिसांपुढे उभं राहणं वेगळं. १९४६ मध्ये मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि वॉरंटं उठली, तेव्हा हा अध्याय आटोपला.

आटोपला म्हणजे पुस्तकात. १७८६ ला, स्वातंत्र्य मिळून तीन वर्षं झाल्यावर, पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी पुन्हा न्यायालयांची दारं अडवायला निघाले. कर रोख नाण्यात मागितला जात होता, कर्जापायी शेतं जात होती आणि सरकार आता त्यांचंच होतं. बॉस्टनच्या बंडाचा म्होरक्या सॅम्युअल ॲडम्स तेव्हा कडक कायद्याच्या बाजूने उभा राहिला, कारण राजाविरुद्धचं बंड माफ, प्रजासत्ताकाविरुद्धचं नाही, असा त्याचा न्याय होता. इकडे नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेवर. वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी धरणग्रस्तांची बाजू घेतली आणि १९९३ पासून आटपाडीला दरवर्षी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली, समन्यायी पाण्याची मागणी घेऊन. मागणीचा कागद पुन्हा कचेरीतच जात राहिला. मामलेदाराला आता तहसीलदार म्हणतात, एवढंच.